पोट्टं चुकलं की शास्त्र पुढे सरकतं

पाच वर्षांच्या एखाद्या पोट्ट्याला विचारून पाहा, "तू कुठला रे?" तो छाती काढून सांगेल, "केळापूरचा!" मग हळूच पुढचा प्रश्न टाका, "आणि यवतमाळ जिल्ह्याचा?" तो तुमच्याकडे असं बघेल की तुमचंच डोकं फिरलंय. "नाही! मी त केळापूरचा आहो ना!"

हसू नका. १९५१ साली ज्यां पियाजे या स्विस अभ्यासकानं ॲन-मारी व्हाइलबरोबर एक अभ्यास छापला. त्यांनी जिनिव्हाच्या पोरांना हेच विचारलं होतं. जिनिव्हाचा आहेस, मग स्विस आहेस का? सात-आठ वर्षांखालच्या बऱ्याच मुलांनी सांगितलं की एकाच वेळी दोन्ही असता येत नाही. लहान डबा मोठ्या डब्यात बसतो, हे हातानं जमतं. 'गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात' हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

तसा केळापूरचा मामला मोठ्यांनाही चकवतो. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. केळापूर गावात जगदंबेचं देऊळ, आणि बाजार-बसस्टँड पुन्हा पांढरकवड्यालाच. बाहेरगावचा माणूस इथं पाच वर्षांच्या पोरासारखाच गोंधळतो.

यातली गंमत अशी की बालविकासाचे बरेचसे गाजलेले सिद्धांत मुलांच्या अशाच चुका बघून सुचलेत. अंगणवाडीच्या ताई, आश्रमशाळेचे सर, वसतिगृहाचे अधीक्षक आणि घरोघरचे मायबाप, घ्या तर मग: चुकांची ही चटपटीत भेळ.

१. चिमणीवाला पोरगा आणि ताकाचे पेले

पियाजेचा जन्म १८९६चा. दहा-अकरा वर्षांचा असताना त्यानं बागेत दिसलेल्या पांढऱ्या चिमणीवर छोटं टिपण लिहिलं आणि ते छापूनही आलं. पुढे तो शंख-गोगलगायींच्या नादी लागला. मग पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासायचं काम मिळालं. काम होतं बरोबर उत्तरं मोजायचं, पण साहेब अडकले चुकीच्या उत्तरांत. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढची सगळी हयात त्यानं त्या 'तऱ्हे'चा माग काढण्यात घालवली.

त्याचा प्रसिद्ध प्रयोग स्वयंपाकघरात होतो. दोन सारख्या पेल्यांत ताक भरा. पोराकडून कबूल करून घ्या की दोन्हीकडे सारखं आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं ताक बुटक्या, पसरट वाटीत ओता आणि ती वाटी त्याच्यापुढे सरकवा. भोकाड तयारच असतं. "दादाले जास्त देल्लं! माह्यात कमी हाये!" तुम्ही शपथ घ्या, परत पेल्यात ओतून दाखवा, उपयोग नाही. पोरगं हावरट नसतं. त्याची नजर उंचीला चिकटलेली असते, रुंदी तिच्या हिशेबातच येत नाही. साधारण सहा-सात वर्षांनंतर ते स्वतःच म्हणतं, "वाटी रुंद हाये ना, म्हणून."

तोवर शहाणी आई काय करते? सगळ्यांना एकाच मापाचे पेले देते. सिद्धांत न वाचताही तिला हे ठाऊक असतं.

२. वात्रट अस्वलानं पियाजेला गाठलं

आता पियाजेचीच चूक. चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, एक ओळ पसरून लांब करायची आणि विचारायचं, "आता कुठे जास्त?" लहान मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. पियाजे म्हणाला, त्यांना संख्या कळत नाही.

१९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या दोघांनी यात एक खेळण्यातलं अस्वल घुसवलं. हे अस्वल वात्रट. ते धसमुसळेपणानं येऊन ओळ विस्कटून जातं. तीच ओळ, तीच मुलं, तोच प्रश्न. पण आता "सारखेच आहेत" म्हणणारी मुलं कितीतरी जास्त निघाली.

असं का? कारण मोठं माणूस मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा पोरगं मनात म्हणतं, 'आधीचं उत्तर आवडलेलं दिसत नाही यांना.' वर्गात याची खात्री करून घ्या. फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलेल्या पोरीला नुसतं "नक्की?" असं विचारा. डस्टर उचललाच म्हणून समजा.

३. 'करलं' म्हणणारं पोर व्याकरण शिकलेलं असतं

तीन-चार वर्षांची मुलं मधेच 'केलं'चं 'करलं' करतात, 'मेला'चं 'मरला'. हे शब्द त्यांना कुणी शिकवले? कुणीच नाही. घरात कुणी 'करलं' म्हणत नाही. पोरानं 'बसलं, हसलं, धरलं' ऐकलं, त्यातून नियम काढला आणि तो 'कर'ला लावून टाकला. नियम पक्का आहे, अपवाद तेवढा अजून कळायचाय.

अमेरिकेच्या जीन बर्को यांनी १९५८ साली हेच पकडलं. त्यांनी 'वग' नावाचा एक खोटा पक्षी काढून मुलांना दाखवला आणि मग तसे दोन दाखवून विचारलं, "आता हे दोन काय?" कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी धडाधड करून दिलं. पाठांतरानं भाषा येत असती, तर हे जमलंच नसतं.

केळापूरकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. इथल्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, घरात कोलामी बोलली जाते, गोंड वस्त्यांवर गोंडी. दोन्ही द्राविडी कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या नात्यातल्या. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची बोली टिपून घेतली आणि १९५५ साली त्यावर अख्खं पुस्तक काढलं. परदेशातल्या प्राध्यापकाला जी भाषा पुस्तकाएवढी मोठी वाटली, ती तोंडात घेऊन चार वर्षांचं लेकरू अंगणवाडीत येतं आणि ताईंनी मराठीत पाणी मागायला सांगितलं की गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला 'मंद' म्हणणं ही मोठ्या माणसांची चूक. त्याच्याजवळ शब्द आहे, फक्त तो आपल्याला येत नाही.

४. तान्हा पोळा: विदर्भाची मोफत प्रयोगशाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी रंगवायचे, झूल घालायची, तोरणाखाली रांगेत उभे करायचे आणि मग घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, गोळा करायचा. बाहेरच्याला वाटतं, लहान मुलांची हौस. रशियाच्या लेव्ह व्हिगॉट्स्कीला हे दिसलं असतं, तर त्यानं वही काढली असती.

१९३३च्या एका व्याख्यानात त्यानं काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं होतं. काठीला घोडा म्हणताना मूल पहिल्यांदा वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करतं. हातात लाकूड, डोक्यात बैल. पुढे कागदावरच्या रेघोट्यांना 'क' म्हणायचं, पाचच्या आकड्यात पाच बोरं बघायची, ती याच कसबाच्या जोरावर. व्हिगॉट्स्कीनं एक मजेदार अटही घातली होती. काठी घोडा होऊ शकते, पण पोस्टकार्ड होऊ शकत नाही, कारण त्याच्यावर टांग टाकून बसता येत नाही!

म्हणून पाच वर्षांचा मालक नंदीपुढे गवताची काडी धरून "खा ना बे!" म्हणत असेल, तर त्याला "अरे, ते लाकूड आहे" असं सांगू नका. ते त्याला तुमच्याआधीपासून माहीत आहे.

५. एकाच वर्षीचे दोघे, नशीब मात्र वेगळं

पियाजे आणि व्हिगॉट्स्की दोघेही १८९६चे. पियाजे १९८०पर्यंत जगला. व्हिगॉट्स्की १९३४ साली क्षयानं गेला, वय ३७. त्याच्या लिखाणावर त्याच्याच देशात जवळपास वीस वर्षं बंदीसारखीच परिस्थिती होती.

दोघांचं भांडण रंगलं ते मुलांच्या पुटपुटण्यावरून. "आता हे इथं ठेवू... नाही नाही, पडते हे..." असं मूल एकट्यानं बोलतं ना, ते. सुरुवातीला पियाजेला ते कच्चेपणाचं लक्षण वाटलं. व्हिगॉट्स्की म्हणाला, तो मोठ्यानं केलेला विचार आहे, काम अवघड झालं की वाढतो आणि पुढे आत जाऊन मुका होतो. पुढच्या संशोधनानं माप व्हिगॉट्स्कीच्या पदरात टाकलं. तेव्हा गणित सोडवताना पुटपुटणाऱ्या पोराला "मनात वाच" म्हणून दटावताना जरा दमानं. आपणही शिलाई मशीनमध्ये दोरा ओवताना पुटपुटतोच.

व्हिगॉट्स्कीची दुसरी कल्पना कैची सायकलनं कळते. मोठ्या माणसाची उंच सायकल, पोराचे पाय पोचत नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून तिरकं चालवायचं. मागे काका कॅरियर धरून पळतात. एकट्याला जमत नाही पण कुणी धरलं तर जमतं, ती मधली जागा म्हणजे शिकण्याची जागा. काका केव्हा सोडतात, हे पोराला कळत नाही, आणि सगळी कला त्या सोडण्यात आहे. या आधाराला पुढे 'मचाण' किंवा 'पाहाड' अशा अर्थाचं नाव पडलं. ते नाव व्हिगॉट्स्कीचं समजतात, पण ते वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली दिलेलं आहे.

६. रांगलंच नाही? हरकत नाही!

"आमचं बाळ रांगलंच नाही, डायरेक्ट उभं राहिलं!" शेजारीण हे काळजीनं सांगते किंवा कौतुकानं, ते सासू जवळ आहे का यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात भारतही होता. सुमारे ४ टक्के निरोगी बाळं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही व्यवस्थित चालली. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठंही असू शकतं.

केनियात चार्ल्स सुपर या अभ्यासकाला दिसलं की तिथल्या आया बाळांना मुद्दाम बसायला आणि चालायला शिकवतात, आणि ती बाळं अमेरिकी बाळांपेक्षा लवकर बसतात-चालतात. रांगण्याची तालीम मात्र त्या फारशी देत नाहीत, तर रांगण्यात आघाडीही नाही. आपल्याकडची मालिश, पाय सायकलसारखे फिरवणं, दोन्ही हात धरून उभं करणं, ही सगळी तालीमच की. शरीर आपल्या वेळेनं वाढतं हे खरं, पण आजीचे हात घड्याळाचा काटा थोडा पुढे ढकलतात. दीड वर्ष उलटूनही बाळ चालत नसेल, तर मात्र आजीबरोबर डॉक्टरांनाही विचारा.

७. मादाम माँटेसरी इथं अडकल्या, हे आपलं भाग्य

रोमच्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरींनी पहिलं 'बालकांचं घर' उघडलं. १९३९ साली त्या काही महिन्यांसाठी मद्रासच्या अड्यारला आल्या. युद्ध भडकलं, इटली शत्रुपक्षात गेली आणि ब्रिटिशांनी त्यांना भारतातच अडकवून ठेवलं. मुक्काम लांबला १९४६पर्यंत. मुलगा मारिओ नजरकैदेत होता. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारनं त्याला सोडलं. वाढदिवसाची अशी भेट कुणाला मिळते?

पण माँटेसरींचं साहित्य महागडं. गुळगुळीत लाकडी ठोकळे, रंगपेट्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याला देशी तोड काढली. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शिंपले, बिया, दगड आणि पानं यांनाच साधन केलं. केळापुरात तर निसर्गानं सगळं दारात आणून ठेवलंय. एका हातात मऊ कापूस, दुसऱ्यात त्याच बोंडाचं टोचरं कवच. मोजायला सरकी. लांब-आखूड लावायला तुऱ्हाट्या. आकार ओळखायला पळसाची तीन पानं. एकदा डोळे बांधून पोरांना कापूस, बोंड आणि सरकी हाताळायला द्या. एक पैसा न खर्चता माँटेसरींचा स्पर्शाचा धडा होतो.

कोसबाडची आणखी एक गोष्ट बघा. मुली शाळेत येत नव्हत्या. कारण विचारलं तर कडेवर धाकटं भावंड. शाळेनं मुलीला दोष दिला नाही, धाकट्यालाही आत घेतलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, या विचारातून गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली, आणि वस्तीच्या अंगणात भरणारी 'अंगणवाडी'ही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, पहिल्यांदा ३३ गटांत. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. देशभर हिंदीपासून तमिळ मुलखापर्यंत ओळखला जाणारा हा शब्द ताराबाईंच्या कामाची आठवण आहे.

८. दूध तारेची आई देते, मिठी मात्र फडक्याच्या आईला

१९५०च्या दशकात मानलं जायचं की बाळाला आई आवडते कारण ती दूध देते. हॅरी हार्लोनं माकडाच्या पिलांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, दुधाची बाटली असलेली. दुसरी मऊ फडक्याची, बाटली नसलेली. पिलं दूध प्यायला तारेकडे जायची आणि उरलेला सगळा दिवस फडक्याला बिलगून काढायची. प्रयोग क्रूर होता, आज कुणी तो करू देणार नाही. पण 'जास्त उचलून घेतलं की पोरगं बिघडतं' या समजुतीचं कंबरडं त्यानं मोडलं.

मेरी एन्सवर्थ यांनी मायलेकरांच्या नात्याचा अभ्यास पहिल्यांदा केला तो युगांडाच्या खेड्यांत. त्यांच्या लक्षात आलं की आईपासून दूर जाऊन हुंदडणारं आणि मधूनमधून मागे वळून बघणारं मूल सर्वांत निश्चिंत असतं. अंगणवाडीत पहिल्या दिवशी रडणारं लेकरू म्हणून चिंतेचा विषय नाही. आपलं माणूस कोण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, एवढाच त्या रडण्याचा अर्थ. चिंता करायची तर कुणीही आलं-गेलं तरी ज्याला काहीच वाटत नाही, त्या मुलाची.

९. गोड पदार्थ, पंधरा मिनिटं आणि कापसाचा भाव

हा प्रयोग मोबाइलवरही फिरतो. पोरापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, "मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील." स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेलनं हे केलं आणि पुढे गाजावाजा झाला की जी मुलं थांबली, ती आयुष्यात पुढे गेली. झालं! प्रत्येक भाषणात संयमाचं कीर्तन.

मग २०१८ साली मोठ्या संख्येनं मुलं घेऊन पुन्हा पाहिलं, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो करिष्मा बराचसा विरला. त्याआधी २०१३ साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी आणखी नेमकी गोष्ट केली. आधी मुलांना नवे रंग आणून देतो म्हणून सांगितलं. अर्ध्यांना दिले, अर्ध्यांना "सॉरी, नाहीयेत" म्हटलं. मग गोड पदार्थाची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं, ती ३ मिनिटं.

आता हे केळापूरच्या कापूसपट्ट्यात आणा. "कापूस विकला की सायकल घेऊ." कधी पाऊस दगा देतो, कधी बोंडअळी, कधी भाव. बाप खोटारडा नसतो, पण शब्द मोडतो. तीन दिवाळ्या असं झालं की चौथ्या वर्षी पोरगं हातात आलेलं लगेच खातं. त्याला 'उतावीळ' म्हणायचं की 'अनुभवी'? मॉस्कोत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या युरी ब्रॉनफेनब्रेनरनं हेच सांगितलं होतं. मुलाभोवती वर्तुळामागून वर्तुळं असतात. घर, शाळा आणि त्यापलीकडे जिथं मूल कधी पाऊलही टाकत नाही अशा जागा. कापसाचा लिलाव पोरानं पाहिलेला नसतो, पण त्या लिलावाचा आकडा त्याच्या संयमात उतरतो.

वसतिगृहात, शाळेत काम करणाऱ्यांनी एवढंच घ्यावं: पोरांना थोडंच कबूल करा, पण केलेलं कबूल पाळा. संयमाच्या दहा भाषणांपेक्षा वेळेवर आणलेला एक चेंडू जास्त शिकवतो.

१०. मातीचा खर्रा

१९६१ साली अल्बर्ट बंडुरानं मुलांना एक दृश्य दाखवलं. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बुकलत होतं. नंतर मुलांना खेळायला सोडलं तर त्यांनी त्याच लाथा, तेच हातोडे आणि तेच शब्द वापरले. कुणी शिकवलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं.

आपल्याकडे हा प्रयोग रोज अंगणात चालतो. दोन पोट्टे झाडाखाली बसलेत. एकानं ओली माती आणि वाळकी पानं प्लास्टिकच्या पन्नीत घेतलीत, दोरा गुंडाळलाय, तळहातावर घोटतोय. चिमूट काढतो, ओठाखाली धरल्याची ॲक्टिंग करतो आणि बापासारखंच एक डोळा बारीक करून म्हणतो, "आज पाणी येते वाट्टे." तंबाखूचा खर्रा वाईट असतो, हे त्याला शाळेत सांगितलंय. पण खर्रा कसा घोटायचा, हे कुणी न सांगता आलंय. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तरी "जा, एक पन्नी घेऊन ये" म्हणत त्यालाच टपरीवर धाडणारे आपणच.

११. टिपेश्वरचा तरणा वाघ आणि नववीतला पोरगा

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली आईची हद्द सोडून निघाला. गळ्यात रेडिओ पट्टा, म्हणून सगळा प्रवास कळला. महाराष्ट्र आणि तेलंगणातून वळसे घेत, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो ३००० किलोमीटरच्या आसपास चालला आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचं नाव पडलं 'वॉकर'. वयात आलेला वाघ हेच करतो. घर सोडायचं, धोका पत्करायचा, स्वतःची जागा शोधायची.

आता नववीतला तो बघा, जो महामार्गावर तिघांना घेऊन गाडी पळवतो. १९०४ साली स्टॅन्ली हॉलनं किशोरवयाला वादळाचा काळ म्हटलं. सुमारे १०० वर्षांनी, २००५ साली, गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा संगणकी खेळ देऊन पाहिलं. मित्र बघत असले की किशोर जास्त धोका पत्करतात. चोविशीपुढच्या मोठ्यांवर मित्रांचा तसा फरक पडला नाही. मेंदूचा 'थांब, विचार कर' म्हणणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे.

याच वयात झोपेचं घड्याळही पुढे सरकतं. रात्री डोळा लागत नाही, सकाळी उघडत नाही. पहाटेच्या घंटेला न उठणारा पोरगा आळशी असेलही, पण आधी त्याचं शरीर तपासा. आणि धाडसाची भूक मोडायची नसते, तिला कबड्डी, कुस्ती, पोहणं, गावची रंगभूमी असं मैदान द्यायचं असतं. वॉकरला कुणी पिंजऱ्यात घातलं नव्हतं, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवलं होतं.

१२. स्वतःचं आडनाव स्वतःच ठेवणारा

'मी कोण?' या प्रश्नावर सर्वांत जास्त लिहिलं एरिक एरिक्सननं. त्याला स्वतःचा जन्मदाता बाप शेवटपर्यंत कळला नाही. लहानपणी आडनाव होतं सावत्र वडिलांचं, हॉम्बर्गर. अमेरिकेत गेल्यावर त्यानं आडनाव घेतलं एरिक्सन, म्हणजे 'एरिकचा मुलगा'. आपणच आपला बाप! कॉलेजची पदवी नव्हती, तरी हार्वर्डला प्राध्यापक झाला.

भारताशी त्याचं खास नातं आहे. अहमदाबादच्या १९१८च्या गिरणी संपातले गांधी त्याला इतके भावले की त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. १९६९ साली ते आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या सुधीर कक्करांनी एरिक्सनच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या आणि आपले चार आश्रम शेजारी ठेवून पाहिले.

केळापूरच्या पोरापुढे हा प्रश्न दुहेरी येतो. पोडावर तो कोलामी बोलणारा, वर्गात मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि हैदराबादच्या गाडीत बसला की थोडा तेलुगूही. दहावीनंतर नागपूरला गेला की "तू कुठला?" याचं उत्तर काय द्यायचं? कुणी 'यवतमाळ' सांगून मोकळं होतं, कुणी गावाचं नावच गिळतं. या वयात त्याला कुणी तरी हे सांगायला हवं की तो सगळंच असू शकतो.

काढून खिशात ठेवा

अंगणवाडीच्या ताईंसाठी: लेकरू गप्प असेल तर आधी त्याच्या घरची भाषा विचारा. पाण्याचा, भाकरीचा, आईचा शब्द त्याच्याकडून शिका. तुम्ही चुकलात की ते खुदकन हसेल, आणि काम झालं.

मास्तरांसाठी: "नक्की?" हा शब्द बरोबर उत्तरालाही घाबरवतो. त्याऐवजी "कसं काढलंस ते सांग" म्हणा.

वसतिगृहाच्या अधीक्षकांसाठी: एका पोराला एकटं गाठून बोला. त्याच्या मित्रांसमोर झापलंत की त्याला धाडस दाखवावंच लागतं.

मायबापांसाठी: वयाचे तक्ते अंदाजाला असतात, शेजारच्या पोराशी स्पर्धेला नसतात.

सर्वांसाठी: यातले बरेचसे सिद्धांत युरोप-अमेरिकेतल्या मोजक्या मुलांवरून निघालेत. ते चष्म्यासारखे वापरा. चष्म्यातून पोरगं नीट दिसत नसेल, तर चष्मा बदला.

आता पुन्हा त्या पाच वर्षांच्या पोट्ट्याकडे. तीन-चार वर्षांनी त्याला तोच प्रश्न विचारा. तो वैतागून म्हणेल, "काय बे, केळापूरचा म्हणजे यवतमाळचाच न!" हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नसेल. तोवर त्याची चूक दुरुस्त करायची घाई करू नका. नुसतं विचारा, "तुले असं काऊन वाटते रे?" पियाजेनं साठ वर्षं मुलांना हाच एक प्रश्न विचारला. आपण आज संध्याकाळी एकदा विचारून पाहू.